लाल फुलदाणी: आधी काठ आणि बूड बघा

तांब्याच्या लाल झिलईची (भांड्यावरच्या काचेसारख्या थराची) जुनी चिनी फुलदाणी समोर आली की नजर पोटावरच्या लालबुंद रंगावर खिळते. पण पारख करायची तर सुरुवात काठापासून आणि बुडापासून करा. लाल रंगाची नक्कल होते. काठ आणि बूड साधणं फार अवघड.

आपण बोलतोय ते लांगयाओबद्दल, म्हणजे ‘लांगच्या भट्टी’च्या लाल भांड्यांबद्दल. खांगशी बादशहाच्या काळात (१६६२–१७२२) जिआंगशी प्रांतातल्या जिंगदेजनच्या भट्ट्यांत हा लाल पुन्हा साधला. १७०५ ते १७१२ मध्ये लांग थिंगजी हा जिआंगशीचा सुभेदार होता, त्याच्यावरून हे नाव पडलं. त्याआधी शुआन्दे बादशहाच्या काळात (१४२६–१४३५) असा लाल उत्तम निघे. पुढे ती हातोटी गेली आणि सोळाव्या शतकात लोखंडाच्या लालावर भागवावं लागलं.

कारण तांबं विलक्षण लहरी. झिलईत ते जेमतेम अर्धा टक्का, बऱ्याचदा त्याहूनही कमी. भट्टी १२५०–१३०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यायची आणि वाटेत हवा रोखून धूर कोंडायचा. तो धूर तांब्यातला प्राणवायू ओढून घेतो, आणि काचेत धातूचे अतिसूक्ष्म कण उरतात. लाल दिसतो तो त्या कणांचा. हवा जास्त गेली की झिलई हिरवट किंवा बिनरंगी होते. कण प्रमाणाबाहेर वाढले की रंग कलेजीसारखा मातकट. आच जास्त झाली की तांबं उडूनच जातं. ‘कंगाल व्हायचंय? मग लांग-लाल भाज,’ अशी चिनी म्हणच आहे.

आता काठ. वितळलेली झिलई खाली सरकते, काठावर तिचा थर पातळ होतो आणि तिथलं तांबं टिकत नाही. म्हणून अस्सल नगाला काठाशी पांढरट कडा दिसते आणि तिच्याखाली लाल हळूहळू गडद होत जातो. काठापर्यंत एकसारखा लाल असेल तर थांबा: काठ टवका उडाल्यामुळे घासून खाली आणलेला असू शकतो, किंवा वर रंग चढवलेला. दहापट भिंगाखाली लाल थर वरच्या बिनरंगी काचेच्या आत बसलेला दिसतो, उभ्या बारीक रेषांत. वरून फासलेला रंग पृष्ठभागावरच असतो.

बुडाशी झिलई जाड होऊन थांबलेली हवी, पायाच्या कडेच्या जरा वर. ओघळ पायाखाली उतरून मग घासून सपाट केलेला असेल तर नग बहुधा नंतरचा. तळाची झिलई पेजेसारखी पांढरट किंवा फिकट हिरवी, बारीक तड्यांची. तिथे शिक्का सहसा नसतोच, त्यामुळे ठसठशीत शिक्का दिसला तर उलट सावध व्हा. तळाला भोकही बघा. कित्येक फुलदाण्यांना भोक पाडून पुढे त्यांचे दिवे केले गेले.

उचलताना मान धरू नका. एक तळवा बुडाखाली, दुसरा पोटाला. अंगठ्या आधी काढा. भिजत घालू नका, तड्यांतून पाणी आणि मळ आत मुरतो आणि मग निघत नाही. दुरुस्तीची शंका असेल तर पाणी अजिबात न लावता, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका.