कात्री लावली एकदाची! (आणि वीकेंडचा बाकी हिशोब)

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की या वीकेंडला कुठेही जाणार नाही, घरी बसून मोज्यांची जोडी पुरी करणार. तर तसलं काही झालेलं नाहीये. शुक्रवारी संध्याकाळी विणकामाचा ग्रुप, शनिवारी सकाळी मेंढ्यांची कातरणी बघायला, तिथनं तसंच दुपारी स्टीकिंगचा (विणलेली नळी कात्रीने कापून उघडायचा) क्लास, रविवारी सकाळी लोकर धुणं आणि दुपारी परत दुसरा ग्रुप. एवढ्या सगळ्यात सुयांवर प्रत्यक्ष विणून झालं किती? मोज्याच्या टाचेच्या 14 ओळी. त्यातल्या 11 उसवल्या.

पण कार्डिगन कापलं!!! दोन वर्षं पिशवीत पडून होतं ते. त्याच्यावर येतेच, आधी शुक्रवारचं रडगाणं उरकून घेते.

दुसरा मोजा, 64 टाके, 2.25 मिमीच्या सुया, नेहमीचं. टाचेची पट्टी 32 टाक्यांवर 32 ओळी घरीच करून नेली होती, म्हटलं आता टाच वळवायची तेवढी राहिलीय, ती गप्पा मारता मारता होईल. नाही होत हो. टाच वळवताना प्रत्येक ओळीत, आधी जिथनं वळलो तिथे पडलेल्या फटीच्या अलीकडचा-पलीकडचा असे दोनाचा एक करायचा, मग एक टाका विणून वळायचं, यात मोजण्यासारखं खरं तर काहीच नसतं कारण फट दिसते, पण समोरची बाई तिच्या शालीतला सुटलेला टाका दाखवत होती आणि मी सल्ले देत होते आणि त्या नादात मी एकदा दोनाचा एक न करताच वळले आणि पुढे एकदा तिनाचा एक केला. शेवटी टाके हवे तेवढे 18 च उरले, पण टाच एका बाजूला कलंडलेली, तोंड वाकडं केल्यासारखी. उसवलं. परत ग्रुपला नेताना डोकं न लागणारं काहीतरी न्यायचं, गोल गोल सुलट सुलट, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय देव जाणे.

शनिवारची कातरणी मात्र झकास. पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघितली. कातरणारा माणूस मेंढीला बसवतो, म्हणजे अक्षरशः पार्श्वभागावर बसवतो, पाठ त्याच्या पायांना टेकलेली, आणि ती तशी बसवली की गप्प होते, चारी पाय जमिनीवर असले की मात्र धडपड. पोटाची लोकर आधी वेगळी काढून बाजूला टाकतात कारण ती मळकी आणि गुंतलेली असते, आणि मग बाकीची सगळी एका तुकड्यात, कोट उतरवल्यासारखी. आम्हा बघ्यांना कामाला लावलं ना मग. ती अख्खी लोकर जाळीच्या टेबलावर पसरायची आणि कडेकडेने घाणेरडा, शेणाने माखलेला, फार जाडाभरडा भाग तोडून टाकायचा. टेबल जाळीचं का, तर कातरताना मशीन एकाच जागी दोनदा फिरलं की आखूड आखूड तुकडे होतात, ते हलवल्यावर जाळीतनं खाली पडतात. ते लोकरीत राहिले तर कातताना सुतात गाठी गाठी येतात, माझ्या गेल्या वर्षीच्या सुताला तोच रोग होता हे आत्ता कळलं! मी आपली स्वतःच्या पिंजण्याला दोष देत बसले होते.

आणखी एक शिकले, लोकर घ्यायच्या आधी बटेची परीक्षा. एक बट ओढून काढायची, दोन्ही टोकं चिमटीत घट्ट धरायची, कानापाशी न्यायची आणि झटका द्यायचा. तार छेडल्यासारखा स्वच्छ आवाज आला तर चांगली. चरचर आवाज आला किंवा मधेच तुटली तर सोडून द्यायची, कारण मेंढी आजारी पडली किंवा तिची उपासमार झाली की तेवढ्या काळातली वाढ बारीक आणि कमजोर होते, आणि प्रत्येक बटेत त्याच उंचीवर तो कच्चा भाग असतो. पिंजताना सगळं तिथेच तुटणार. मी तीन मेंढ्यांच्या बटा कानाशी धरून उभी होते, फोनवर बोलत असल्यासारखी. तिसरी घेतली, करड्या रंगाची, बट साधारण बोटभर लांब, टोकं उन्हाने तपकिरी झालेली. घरात आधीच दोन पोती न धुतलेली आहेत याबद्दल कोणी काही बोलू नका.

हाताला तो तेलकटपणा तसाच घेऊन क्लासला गेले. हात मऊसूत, वास मात्र मेंढीचा.

आता कार्डिगन. नवीन लोकांसाठी थोडक्यात: दोन रंगांचं नक्षीकाम सपाट विणायचं म्हणजे एक ओळ उलट बाजूने, नक्षी दिसत नाही, दोन दोन धागे सांभाळत उलट टाके, नकोच ते. म्हणून अख्खं अंग नळीसारखं गोल विणायचं, म्हणजे कायम सुलट बाजू समोर, आणि जिथे पुढे उघडायचंय तिथे काही टाके जास्तीचे घालायचे, तो स्टीक. सगळं विणून झालं की त्या जास्तीच्या टाक्यांच्या मधोमध कात्री. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या, फेअर आयलच्या विणकामात ही जुनी रीत आहे आणि ती तिथे जमते कारण तिथली लोकर खरखरीत, एकमेकींना धरून राहणारी. माझा स्टीक 5 टाक्यांचा, ओळी 140 च्या आसपास, लोकर त्याच जातीची. गुळगुळीत सुपरवॉश (मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली) असती तर मी या वाटेला गेलेच नसते, किंवा आधी मशीनची शिलाई मारून घेतली असती.

क्लासमध्ये आम्ही सहा जणी. आधी सगळ्यांनी आणलेले छोटे नमुने कापून बघितले, तिथे काही वाटलं नाही. मग खरं काम. मधला टाका तिसरा, (टाका V सारखा दिसतो, त्याची एक बाजू म्हणजे अर्धा पाय) त्याचा डावा अर्धा पाय आणि दुसऱ्या टाक्याचा शेजारचा अर्धा पाय एकत्र पकडत बारीक क्रोशाने खालून वर साखळी घालत जायचं, मग उजव्या अर्ध्याला चौथ्या टाक्याशी बांधत वरून खाली. दोन्ही साखळ्या झाल्या की त्या आपोआप बाजूला कलतात आणि मधे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसायला लागतात. कापायचं ते एवढंच, त्या पायऱ्या. माझी दुसरी साखळी झाली आणि शिकवणाऱ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून बोट ठेवलं, कमरेपाशी सात-आठ ओळी मी अर्ध्याऐवजी तिसरा टाका अख्खाच पकडला होता. म्हणजे तिथे पायऱ्या दिसतच नव्हत्या आणि कात्री चालवली असती तर साखळीच कापली गेली असती. परत उसवा, परत घाला. गडद निळ्यावर गडद निळा धागा वापरण्याचं शहाणपण माझंच. साखळीला वेगळ्या रंगाचा धागा घ्या, आतच जाणार आहे, कोणाला दिसत नाही.

मग नळीच्या आत एक पुठ्ठा सरकवला. याला विसरू नका! चुकून पाठ कापली जाऊ नये म्हणून. भरतकामाची टोकदार छोटी कात्री, पहिली पायरी, कच्च. काही झालं नाही. दुसरी. काही नाही. दहाव्या पायरीपर्यंत मी श्वास धरून होते आणि नंतर मात्र मजा यायला लागली, खरंच, वांग्याचं देठ कापण्याइतकंही जड नाही ते. गळ्यापाशी शेवटची पायरी कापली आणि नळीचं एकदम कार्डिगन झालं, दोन्ही कडा आपल्याआपण आत वळून बसल्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. या पाच मिनिटांना घाबरून दोन वर्षं पिशवी कपाटात.

शेजारणीचा एक धागा सुटला होता, तिच्या कपाळाला घाम आला. बाईंनी सुईने तो मागच्या बाजूला ओढून घेतला, संपलं. या लोकरीत टाके आडवे सहज उसवत नाहीत, उसवतात ते वरून खाली, हे डोक्याला माहीत असतं पण हाताला पटायला कापूनच बघावं लागतं.

रविवारी सकाळी करडी लोकर धुवायला काढली. 400 ग्रॅमच, जाळीच्या पिशव्यांत भरून. पाणी 60 अंशांच्या वर, साबण पाण्यात आधी विरघळवलेला, पिशव्या अलगद दाबून बुडवायच्या आणि मग हात लावायचा नाही. ढवळलं की लोकर घट्ट गुंतून नमदा. पाणी गार व्हायच्या आत बाहेर काढायचं, नाहीतर सुटलेली चरबी परत लोकरीवरच बसते आणि चिकट चिकट लागते, हे मी पहिल्या पोत्यावर शिकलेय. साबणाची दोन पाणी, साध्या पाण्याची दोन. पहिलं पाणी कसलं निघालं ते लिहित नाही. आज मंगळवारी पूर्ण वाळली, वजन केलं तर 255 ग्रॅम. बाकीचं सगळं चरबी, घाम आणि माती! तेव्हा कच्ची लोकर घेताना स्वेटरपुरती झाली असं वाटलं की अजून निम्मी घ्या.

दुपारच्या ग्रुपमध्ये कार्डिगन हातोहात फिरलं आणि लगेच दोन तट पडले. एकीचं म्हणणं मशीनची शिलाई हवीच होती, क्रोशाचा काय भरवसा. मला ते पटत नाही, विणलेल्या कापडावर मशीन चालवली की ते ताणलं जातं आणि कड लाटेसारखी होते, शिवाय कडक. सुती किंवा सुपरवॉशला ठीक आहे, तिथे क्रोशावर भागत नाही. ती अजून रुसलेली आहे बहुतेक.

त्याच गडबडीत बटणपट्टीचे टाके उचलायला सुरुवात केली, चार ओळींमागे तीन. 2-2 ची रिब (दोन सुलट, दोन उलट) आहे, दोन्ही टोकांना दोन सुलट यायला हवेत, म्हणजे चारच्या पटीत आणि वर दोन. आकडा हवा 106. पहिल्यांदा 109, दुसऱ्यांदा 103. तिसऱ्यांदा मोजायच्या आधी सुया पिशवीत टाकल्या आणि टकळी काढली.

पट्टी गुरुवारी, घरी, दार लावून. बटणं अजून घेतलेली नाहीत, सात लागतील. मोज्याची टाच आहे तिथेच आहे.