निश्चयक शून्य, तरी चल पाचच

"दाजी, गणितात सगळं ठरलेलंच असतं की! मग रात्री जागून शोधता काय?"

माझा मेहुणा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करतो. भाऊबीजेला आमच्याकडे विश्रामबागेत आला की हा प्रश्न असतोच. तुमच्यापैकीही अनेकांनी विचारलंत, म्हणून यंदा त्याला जे दाखवलं तेच लिहितो.

त्याच्या खिशातल्या हिशेबाच्या कागदी पट्टीच्या कोऱ्या बाजूवर मी लिहिलं: क² + २कख + ख². अक्षरं दोन दिसतात, पण हा (क + ख) चा वर्ग. क + ख ला एक नवं नाव दिलं की चल एकच उरतो. समघाती बहुपदी, म्हणजे जिच्या प्रत्येक पदाचा घात सारखा, तिचं असं सुटसुटीत मूळ रूप शोधणं हे माझं काम.

जास्तीचा चल ओळखायचा कसा? प्रत्येक चलाचा आंशिक विकलज काढायचा, म्हणजे बाकीचे चल स्थिर धरून तो एकच बदलला तर बहुपदी किती वेगानं बदलते ते. वर दोन्ही सारखेच येतात. विकलजांना ठरावीक संख्यांनी गुणून बेरीज शून्य करता आली, की एक चल नक्की गळतो. जर्मन गणिती ऑटो हेसे याने दुसरे विकलज (विकलजांचे पुन्हा काढलेले विकलज) चौकोनात मांडून त्यांचा निश्चयक घेतला, म्हणजे त्या मांडणीतून ठरावीक गुणाकार-बेरजांनी निघणारी एकच राशी. तो सर्वत्र शून्य असेल तर चल कमी होतातच, असं त्यानं १८५१ मध्ये लिहिलं, १८५९ मध्ये पुन्हा लिहिलं. द्विघातीत ते खरंही आहे.

मग मेहुण्याला दुसरी ओळ दिली: कप² + खपफ + गफ². चल पाच. क, ख, ग यांचे विकलज अनुक्रमे प², पफ, फ².

"पहिला आणि तिसरा गुणा."

त्यानं पेन्सिल घेतली. प²फ².

"आता मधल्याचा वर्ग."

पुन्हा प²फ². तो थांबून बघत राहिला. तिघांत नातं आहे, म्हणून निश्चयक शून्य. पण ते नातं गुणाकारातलं आहे. नुसत्या बेरीज-वजाबाकीनं या तिघांतला एकही उरलेल्यांतून निघत नाही, प आणि फ यांचे विकलज जोडीला घेतले तरीही. त्यामुळे पाचांतला एकही चल गळत नाही, आणि हेसेचं विधान इथं मोडतं.

पाउल गॉर्डन आणि माक्स नोएथर (एमी नोएथरचे वडील) यांनी १८७६ मध्ये निकाल दिला: चार चलांपर्यंत हेसे बरोबर, पाचापासून नाही. पाच चलांतल्या अशा बहुपद्या त्यांनी ओळखून ठेवल्या. त्याहून जास्त चलांची सरसकट वर्गवारी आजही पुरी झालेली नाही. माझं जागरण त्यासाठी.

मेहुण्यानं पट्टी पुन्हा हातात घेतली. "पण चारांत का मोडत नाही, दाजी?"

इतक्या वर्षांत त्यानं विचारलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. हिनं ओवाळायला हाक मारली, तेव्हा तो पट्टीच्या कडेला चार चलांची बहुपदी मांडत होता.