गणपतीच्या गाडीचा फॉर्म आणि आधारची झेरॉक्स

आज पक्षाच्या शाखेत चाकरमान्यांच्या मोफत गाड्यांचे जुने फॉर्म निवडले. प्रत्येकाला आधारची अख्खी झेरॉक्स टाचलेली, मागे पेनाने मोबाईल नंबर आणि वाडीचं नाव. सीट द्यायला नाव, वय, नंबर आणि उतरायचा थांबा एवढं पुरतं. ओळख हवीच तर मास्क्ड आधार घ्यावं, त्यात शेवटचे 4 अंकच दिसतात.

खरा घोळ पुढे होतो. मतदार यादीत नाव, वय, घर क्रमांक असतो, मोबाईल नसतो. म्हणून फॉर्मवरचा नंबर एक्सेलमध्ये यादीला जोडतात, शेजारी ‘मुंबईत’, ‘घर बंद’ असा शेरा मारतात आणि फाईल बूथच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. बंद घरांची यादी अशी फोनाफोनांत! एकदा गेली की परत गोळा होत नाही.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्व सरळ आहे: संमती ज्या कामाला, वापर त्याच कामापुरता. माणसं मुंबईला परतली की झेरॉक्स बारीक फाडायच्या. रद्दीत घातल्या तर बाजारात पुडी बांधायला येतात. फाईल एकाच कॉम्प्युटरवर, पासवर्ड लावून. आणि प्रचाराचे मेसेज हवेत का, हे फॉर्मवर वेगळं विचारायचं, चौकट रिकामी ठेवून.