नावाच्या रकान्यातली रेघ

नेदरलँड्सला निघायला आता नऊ दिवस राहिलेत, एका वर्षाचं मास्टर्स आहे, आणि बिल्डिंगमध्ये भेटेल तो विचारतो बॅग भरली का, स्वेटर घेतलेस का. बॅग अजून माळ्यावरच आहे. माझे तीन महिने एका कागदात गेले, आणि तुमच्यापैकी कुणी पुढच्या वर्षी जाणार असेल तर प्लीज आज रात्रीच कपाटातली फाईल काढा आणि स्वतःचा जन्मदाखला नीट वाचा.

तिकडे चार महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर पोचल्यावर पाच दिवसांत तिथल्या पालिकेत नोंदणीसाठी जायचं असतं, त्यातून बीएसएन नंबर, म्हणजे तिथला वैयक्तिक ओळख क्रमांक, मिळतो आणि तो नसेल तर नोकरी, बँक सगळंच अडतं. या नोंदणीला जन्मदाखला लागतो, तोही अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात खरा धरला जावा म्हणून सरकारी शिक्का मारलेला. मला वाटलं त्यात काय एवढं, माझा पासपोर्ट तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निघाला होता, त्यामुळे जन्मदाखला कधी कुणी बघितलाच नव्हता.

आईने प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिला. पिवळा पडलेला, घडीवर फाटायला आलेला. आईचं नाव, बाबांचं नाव, तारीख, स्त्री, आणि बाळाच्या नावापुढे निळ्या शाईची एक आडवी रेघ.

माझा जन्म आजोळचा. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो, पण आजोबांना काम अंगावर ठेवायची सवय नव्हती, ते चौथ्याच दिवशी नगरपालिकेत जाऊन आले आणि बारसं झालं बाराव्या दिवशी. नाव घालायचं राहिलं ते २४ वर्षं राहिलं! यात चूक कुणाचीच नाही, पण नाव घालायची कायद्यातली मुदत १५ वर्षांची, ती उलटली की सरकार मुदतवाढ देईल त्यावर सगळं अवलंबून. माझं झालं, पण त्यासाठी कोर्टनाक्यावर आईबाबांचं प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, आणि बाबांनी तीन हात नाक्यावरून रात्रीची बस पकडून आजोळच्या नगरपालिकेत दोनदा मारलेली फेरी, परत येऊन थेट ऑफिसला. मी कितीदा म्हटलं मी जाते, तर म्हणाले तू अभ्यास कर.

मग अपोस्टिल. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, आणि मंत्रालय कागद थेट आपल्याकडून घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीतर्फेच द्यावा लागतो. बाबा नवीन दाखला लॅमिनेट करायला निघाले होते, वेळेत थांबवलं, लॅमिनेट केलेला कागद तिथे चालत नाही.

बाकी कामं किरकोळ. बँकेचे ओटीपी तिकडे यावेत म्हणून सिमवर रोमिंग चालू करून घेतलं, औषधांसोबत डॉक्टरची चिठ्ठी घेतली. आईला साजूक तूप आणि पेढे द्यायचे होते, पण युरोपात बाहेरून दुधाचं किंवा मटणाचं काही नेता येत नाही, हे तिला पटायला दोन दिवस लागले. ताज्या फळांनाही सर्टिफिकेट लागतं, त्यातून सुटलेली फळं फक्त पाच, अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ.

काल दाखला घरी आला. आईने चष्मा लावून माझ्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, आजोबा असते तर. मग उठून आजोळच्या परसातला एक नारळ माझ्या कागदांच्या फाईलशेजारी आणून ठेवला.