एकेकटं

रविवारी दुपारी नवरा थोरल्याला घेऊन सायकलचं पंक्चर काढायला गेला आणि मी धाकटीला घेऊन घरी थांबले, म्हणजे ठरवूनच, गेले दोन-तीन महिने आमच्याकडे हे असंच चाललंय. दोघं एकत्र असली की घरात कोर्ट भरतं. तो माझ्याकडे बघून हसला, तिनं माझी उशी घेतली, तो माझ्या बाजूला श्वास सोडतोय (खरंच, ही तक्रार रीतसर आलेली आहे). मग कुणीतरी सांगितलं, अगं दोघांना जरा वेगवेगळं करा, एकेकाला एकटं घेऊन बसा, बघ कसा फरक पडतो ते. पडला ना फरक. आधी उशीवरून भांडायची, आता वेळेवरून भांडतात. थोरला तर घड्याळ लावून बसतो, तिला बाबाबरोबर पावणेदोन तास मिळाले आणि मला दीडच, पंधरा मिनिटं कधी देणार?

तर त्या दुपारी मी फोन बाजूला ठेवून, मांडी घालून, अगदी मनापासून धाकटीसमोर बसले. बोल, काय खेळायचं. तिनं पाच मिनिटं खेळ मांडला, मग हात थांबवून विचारलं, "आई, दादा आत्ता काय करत असेल?"

"पंक्चर काढतायत ना ते."

"त्याला ट्यूब पाण्यात बुडवायला दिली असेल?"

"दिली असेल."

संपलं. पुढचा तासभर आम्ही दोघी त्या ट्यूबविषयीच बोललो. बुडबुडे एका ठिकाणी आले असतील की दोन ठिकाणी, ट्यूब त्यानं धरली असेल की बाबानं, आपल्याकडे दुसरं एखादं पंक्चर आहे का. दार वाजल्यावर ती माझ्या मांडीवरून जी उडाली ती थेट दादासमोर, "बुडबुडे आले?" आणि तोही, एरवी हिच्याशी धड बोलत नाही, दोन्ही हात वर करून दाखवत होता, एवढे आले. मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो.

मला तो क्वालिटी टाइम शब्दच आवडत नाही. म्हणजे बाकीचा वेळ काय सेकंडहँड? पण गंमत म्हणजे या विषयावर माझी स्वतःची एक जुनी तक्रार आहे आणि तिला पुरावासुद्धा आहे. मी धाकटी. २००८ साली जोसेफ प्राइस नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं तिथल्या आईबापांच्या दिवसाचा हिशोब तपासला आणि त्याला दिसलं, की पहिल्या मुलाला आईबापांचा असा खास वेळ रोज वीस ते तीस मिनिटं जास्त मिळतो, आणि हे एका वेळच्या दोन भावंडांची तुलना करून नाही, तशाच दुसऱ्या घरातल्या त्याच वयाच्या दुसऱ्या नंबरच्या मुलाशी तुलना करून. आणि आईबाप पक्षपात करतात म्हणून नाही हं. ते बिचारे कुठल्याही एका दिवशी दोघांना जवळपास सारखंच देतात. पण मुलं मोठी होतात तसा एकूण वेळच आटत जातो, म्हणजे मी सात वर्षांची झाले तेव्हा मला मिळालं ते ताईच्या दहाव्या वर्षाचं माप. समान वाटणी केली म्हणूनच धाकटा मार खातो! मी हे ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आणि पहिलटकर आईबापांचे प्रयोग कुणी सोसले?" आणि फोन ठेवला.

बरं, वाटणी करायची म्हटली तर जमतेच असं नाही. इंग्लंडमध्ये एपवर्थ नावाच्या गावात सुझाना वेस्ली नावाच्या बाईंनी हे तीनशे वर्षांपूर्वी करून पाहिलंय. एकोणीस मुलं झाली, त्यातली निम्म्याच्या आसपास जगली, आणि त्या गर्दीत बाईंनी आठवड्याचं वेळापत्रक लावलं, रोज रात्री एका मुलाशी एकटीनं बोलायचं. १७१२ साली नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात ते वारवार दिलंय. सोमवारी मॉली, मंगळवारी हेटी, असं करत गुरुवार जॅकीचा. आता वार सात आणि यादीत मुलं आठ, मग एमिली आणि सुकी या मोठ्या दोघींना रविवारी एकत्र बसवलं. माझा जीव त्या दोघींत अडकलाय. जॅकी म्हणजे पुढे मेथडिस्ट पंथ सुरू करणारा जॉन वेस्ली, त्याच्याविषयी ढीगभर लिहून ठेवलंय, तिशीला टेकला होता तेव्हासुद्धा तो आईला पत्रातून ती गुरुवारची संध्याकाळ मागत होता हेही नोंदलंय. पण रविवारी आईजवळ त्या दोघी कशा बसत असतील, कुणी आधी बोलायचं यावरून धुसफूस होत असेल का, की दोघी मिळून आईचीच मजा घेत असतील, हे कुणी विचारलं का? आणि बाईंचा विषय म्हणाल तर बराचसा धर्म, पापपुण्य, आत्म्याची काळजी. आमच्याकडे निदान बुडबुडे तरी असतात.

माझ्या वाटणीला मात्र असा एकटा बाबा एकदाच आला, आणि तोही ताईला कांजिण्या झाल्या म्हणून. मी सात वर्षांची, ती दहाची. आई ताईला घेऊन आतल्या खोलीत, दार बंद, आणि मी बाबांबरोबर बाहेरच्या खोलीत, तिला चांगल्या खपल्या धरेपर्यंत. वेगळं ठेवायचा तसा उपयोग नव्हता, पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण पसरते म्हणे, म्हणजे दार लावलं तोवर माझं काम झालेलंच होतं. पण तेव्हा ते कुणाला माहीत होतं!

बाबांना माझं काय करायचं ते कळेना. माझ्याशी एकटीशी बोलायची त्यांना सवयच नव्हती, त्यांच्या लेखी आम्ही 'मुली' होतो, अनेकवचनी. पहिल्या दिवशी त्यांनी माझी वेणी घातली, एक कानाच्या वर आणि एक मानेजवळ, आणि लांब होऊन बघितलं आणि म्हणाले, चालेल. मग त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. ते का उतरवलं कुणास ठाऊक, चालत होतं चांगलं. टेबलावर कागद पसरला, एकेक स्क्रू काढून माझ्या हातातल्या वाटीत टाकायला लागले, आणि माझं काम फक्त वाटी धरायची, हलवायची नाही. मी इतकी निश्चल बसले होते की पायाला मुंग्या आल्या तरी बोलले नाही. आणि मग बाबा गुणगुणायला लागले.

बाबा. ज्यांच्या पावलांचा आवाज आला की आम्ही रेडिओ हळू करायचो ते. गाणं वगैरे नाही, शब्द नाहीत, नुसतं नाकातल्या नाकात, स्क्रू अडला की थांबायचं आणि सुटला की परत सुरू. मला वाटतं मी तिथे आहे हे ते विसरले होते.

रात्री सगळं सामसूम झाल्यावर मी दाराशी पालथी पडून फटीला तोंड लावलं. ताई पलीकडे होतीच, ती रोजच असायची.

"ताई, बाबा गुणगुणतात."

"चल. खोटारडी."

"आईशप्पथ."

बराच वेळ काही नाही. मग फटीतून, "आईला शिट्टी वाजवता येते. दोन बोटं घालून."

ठरल्याप्रमाणे दोनेक आठवड्यांनी मला कांजिण्या आल्या आणि अदलाबदल झाली, मी आत आणि ताई बाहेर. मी आईला पहिल्याच दिवशी सांगितलं, शिट्टी वाजव. आई म्हणाली, कुणी सांगितलं तुला? आणि उठून खिडकी लावली आणि वाजवली. पण ताईसाठी बाबा गुणगुणले नाहीत. तिनं घड्याळ उतरवायला लावलं, वाटी धरली, तरी नाही. तेव्हापासून ती म्हणत आलीये की मी ते मनचं रचलं, तापात ऐकलं असेल. मला तेव्हा ताप नव्हता हे मी तिला अनेकदा सांगून पाहिलं.

चार माणसांच्या घरात जोड्या होतात सहा. मोजून बघा. आम्ही वेळापत्रकात धरतो चारच, आई-मुलगा, आई-मुलगी, बाबा-मुलगा, बाबा-मुलगी. बाबा-आई ही जोडी तर सोडाच, तिचा नंबर रात्री साडेअकराला झोपेत लागतो. आणि भावंडांच्या जोडीचं कुणी काही ठरवत नाही, तिला आपण उलट फोडायच्याच मागे असतो. मी एकटी असते तेव्हा मला न्यायाधीश व्हावं लागत नाही, एवढा फायदा खरा, धाकटी एकटी असली की मी बरीच बरी बाई असते. पण तिला जे एकटीला मिळतं ते तिला लगेच कुणाला तरी जाऊन सांगायचं असतं, आणि तो कुणीतरी म्हणजे नेमका तोच, ज्याला आम्ही घराबाहेर काढलेलं असतं.

तीन वर्षांपूर्वी बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा ताईनं आणि मीच वाटणी केली. दिवस तिचा, रात्र माझी. एका वेळी एकच माणूस आत सोडायचे. त्यामुळे बाबा अकरा दिवस आम्हाला एकेकटीलाच मिळाले, आणि आम्ही दोघी फक्त संध्याकाळी साडेसातला कॉरिडॉरमध्ये भेटायचो, ताप किती, लघवी किती झाली, डॉक्टर राउंडला येऊन काय म्हणाले, एवढं सांगण्यापुरत्या. नवव्या की दहाव्या दिवशी मी पोचले तर ती पर्स खांद्याला लावून दाराबाहेर उभी होती. माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "तू खरं सांगत होतीस गं."

मग औषधांचा कागद माझ्या हातात दिला, दहाची गोळी द्यायची राहिलीये म्हणाली, आणि लिफ्टकडे गेली.