हॅन्डब्रेक ओढला म्हणजे गाडी लागली असं नाही

पावसाळ्यात शनिवार-रविवारी ताम्हिणीला जाऊन बघा. रस्त्याच्या कडेला गाड्यांची ही लांब रांग, त्यातल्या कित्येक उतारावर, आणि लोक कर्रर्रकन हॅन्डब्रेक ओढतात, दार आपटतात आणि भजी-कणसं खायला मोकळे. गिअर न्यूट्रलमध्ये. कोणाला म्हटलं "काका, गिअर टाकलात का?" तर उत्तर ठरलेलं, "अहो हॅन्डब्रेक मारलाय ना घट्ट!" आणि वर आपल्याकडे असं बघणार की हा कोण आला शहाणा.

तर काकांसाठीच हे लिहितोय, काका वाचणार नाहीत ते सोडा.

मला वाटतं ही न्यूट्रलची सवय आपल्याला सोसायटीच्या पार्किंगने लावलीये. पुण्या-मुंबईत एकामागे एक गाड्या लावायच्या, मागच्याने न्यूट्रल करून हॅन्डब्रेक सोडून ठेवायचा म्हणजे वॉचमन ढकलून बाजूला करतो, किंवा पे अँड पार्कवाला ओरडतो "साहेब, हॅन्डब्रेक नका लावू, न्यूट्रलला राहू द्या". सपाट फरशीवर ठीक आहे हो, तिथे दुसरा इलाजच नाही. पण वर्षानुवर्षं हेच करून हात तसाच वळतो आणि मग तोच माणूस सिंहगडावर किंवा महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटजवळ उतारावर गाडी लावतो तेव्हाही हात आपोआप न्यूट्रलला जातो. ड्रायव्हिंग स्कूलमध्येही सगळा जोर अर्ध्या क्लचवर आणि आठ काढण्यावर, गाडी लावून उतरताना काय करायचं हे कोणी फारसं सांगत नाही.

आता हॅन्डब्रेक म्हणजे काय, तर एक केबल. आपण दांडा ओढतो, केबल ताणली जाते आणि मागच्या दोन चाकांतले ब्रेक शू (घासणाऱ्या वाकड्या पट्ट्या) चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घट्ट बसतात. फक्त मागच्या चाकांना, बहुतेक गाड्यांमध्ये. ही केबल हळूहळू ताणून सैल होते, शू झिजतात, आणि हे एका रात्रीत होत नाही म्हणून कळतच नाही. आधी दांडा थोडा ओढला की गाडी हलायची नाही, आता पार वरपर्यंत येतो तरी आपण म्हणतो चालायचंच. चालायचं नाही, सर्व्हिसिंगला सांगून टाईट करून घ्या, फार मोठं काम नसतं ते. किती 'टक टक' झाल्यावर ब्रेक धरायला पाहिजे हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं, जे ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकसकट पडलेलं असतं. आणि मागे डिस्क ब्रेक असलेल्या गाड्यांची अजून एक गंमत, घाट उतरून आल्यावर डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, तापलेली असते, तेव्हा ओढलेला ब्रेक डिस्क गार होऊन आकसली की थोडा सैल पडू शकतो. म्हणजे गाडी लावली तेव्हा घट्ट होती आणि अर्ध्या तासाने सुटली असं होऊ शकतं आणि लोक म्हणतात भुताटकी.

वजनाचा हिशोबही करून बघा. ११०० किलोची गाडी, दहा फुटांना एक फूट असा उतार, जो घाटात काही विशेष नाही, तर गाडी खाली जायला साधारण ११० किलोच्या जोराने ओढत असते. सतत. त्यात पाच माणसं आणि डिकीत सामान असेल तर आणखी. हे सगळं एका जुन्या केबलच्या भरवशावर.

गिअरचं काम वेगळं आहे. इंजिन बंद असताना गाडी गिअरमध्ये असली की चाक फिरायला इंजिनालाही फिरावं लागतं आणि सिलिंडरमधली हवा दाबायला जोर लागतो, तो जोर गाडीला अडवतो. छोट्या हॅचबॅकमध्ये पहिल्या गिअरला चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे १३-१४ फेरे होतात, पाचव्याला जेमतेम तीन. जितके फेरे जास्त तितकी गाडी जास्त अडते. म्हणून पहिला किंवा रिव्हर्सच टाकायचा, "गिअरमध्ये आहे ना मग झालं" म्हणून चौथ्यात सोडून जाणारे पण पाहिलेत. आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, म्हणजे गिअरने पुढची दोन चाकं धरली आणि हॅन्डब्रेकने मागची दोन. चारही चाकं बांधली गेली! नुसत्या गिअरवर मात्र ठेवायची नाही, कारण दाबलेली हवा हळूहळू गळते आणि तीव्र उतारावर गाडी थोडी थोडी गचके खात सरकू शकते, इंजिन जुनं असेल तर जास्तच. दोन्ही लागतं.

चढावर तोंड असेल तर पहिला, उतारावर तोंड असेल तर रिव्हर्स. म्हणजे गाडी जिकडे घसरेल त्याच्या उलटा गिअर. दोन्हीची पकड जवळपास सारखीच असते त्यामुळे चुकून उलटं झालं तर आकाश कोसळत नाही, पण फायदा असा की कोणी क्लच न दाबता चावी फिरवलीच तर गाडी उडी मारेल ती चढाच्या बाजूला, दरीच्या नाही.

क्रम पण महत्त्वाचा आहे, इथेच बहुतेकांची गडबड होते. पायाचा ब्रेक दाबून गाडी थांबवायची, क्लच दाबून न्यूट्रल करायचा, हॅन्डब्रेक पूर्ण ओढायचा (पाय ब्रेकवर ठेवूनच, जास्त घट्ट बसतो), आणि मग पाय हळूच ब्रेकवरून काढायचा. गाडी किंचित मागेपुढे होऊन बसेल, बसू द्या. हीच हॅन्डब्रेकची परीक्षा, इथे गाडी सरकली तर तुम्ही अजून सीटवर आहात आणि पाय जवळ आहे. धरली, की मग क्लच दाबून गिअर टाका, इंजिन बंद करा, क्लच सोडा. उलटं केलं, म्हणजे आधी गिअर टाकून बंद केली आणि नंतर हॅन्डब्रेक, तर सगळं वजन गिअरबॉक्सवर जाऊन बसतं आणि हॅन्डब्रेक धरतोय की नाही ते कळतच नाही.

नवीन गाड्यांत हिल होल्ड असतो, त्यावर विसंबून उतरणारे पण आहेत. अहो तो दोन-तीन सेकंद धरतो फक्त, चढावर गाडी काढताना पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर जाईपर्यंत. पार्किंगशी त्याचा काही संबंध नाही.

मग राहिली चाकं. घाटात चाकं डोंगराकडे वळवून ठेवायची, गाडी सुटलीच तर डोंगराला घासून थांबेल, बंपर जाईल, बंपर मिळतो. शहरात फुटपाथची उंच कड असेल तर उतारावर तोंड असताना स्टिअरिंग डावीकडे, चढावर तोंड असताना उजवीकडे, म्हणजे दोन्ही वेळा टायर कडेला जाऊन टेकतो (आपण डाव्या बाजूला लावतो म्हणून हे). सॅन फ्रान्सिस्कोत ३ टक्क्यांपेक्षा जास्त उतार असेल तर चाकं वळवून लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे, नाही वळवली तर दंड. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे पक्कं माहीत असतं आणि सुट्टीत इकडे आले की पाचगणीत सरळ चाकं ठेवून स्ट्रॉबेरी क्रीम खायला जातात.

आपल्याकडे कायदा नाही असं समजू नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६: ड्रायव्हिंग सीटवर लायसनवाला माणूस नसेल तर इंजिन बंद पाहिजे आणि ब्रेक लावलेला किंवा गाडी चुकून हलणार नाही अशी सोय केलेली पाहिजे. म्हणजे तुमची गाडी घरंगळत जाऊन कोणाला लागली तर "मी तर गाडीत नव्हतोच" हे कारण चालत नाही.

दगड लावणं हा आपला जुना उपाय आणि तो चांगलाच आहे, ट्रकचे क्लीनर, कोकणातले जीपवाले थांबल्या थांबल्या आधी चाकामागे दगड सारतात. फक्त उताराच्या बाजूला लावा आणि मूठभर गोटा नको, टायर चढून जातो. आणि निघताना तो उचलून बाजूला टाका हो! घाटातल्या वळणावर मधोमध पडलेले हे दगड रात्री बाईकवाल्याच्या जिवावर येतात. आमच्या डिकीत दोन लाकडी ठोकळे असतात, बायको हसते, हसू दे.

कोकणातल्या फेरीबोटींवर, दाभोळ-धोपावे म्हणा किंवा जयगड-तवसाळ, गाडी चढवली की हॅन्डब्रेक आणि गिअर दोन्ही, लाटेवर बोट हलते आणि मागेपुढे चिकटून गाड्या. जेट्टीच्या उतरत्या रॅम्पवर रांगेत थांबून कोणी चहाला उतरणार असेल तर तिथेही तेच, समोर थेट खाडी आहे.

एकच अपवाद. गाडी पावसाळ्यात काही आठवडे उभी राहणार असेल, गावाला जाताय वगैरे, तर ओलाव्याने शू ड्रमला गंजून चिकटतात आणि परत आल्यावर चाकच फिरत नाही. अशा वेळी सपाट जागा बघून हॅन्डब्रेक सोडा, पहिला गिअर आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना ठोकळे. सपाट म्हणजे खरंच सपाट, बेसमेंटचा रॅम्प नाही.

आणि गिअरमध्ये ठेवायला लागलात की घरात सगळ्यांना सांगून ठेवा, कारण जुन्या गाड्यांत क्लच न दाबता चावी फिरवली की गाडी टुणकन उडी मारते आणि समोर भिंत असते. क्लच दाबा, न्यूट्रल करा, मग स्टार्ट. बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय चालूच होत नाहीत, पण मेव्हण्याची गाडी जुनी असू शकते.