ठसे नव्हते तेव्हा

वाचनालयातला कार्यक्रम असो, कुणाच्या लग्नाची पंगत असो, मी प्राचीन काळातल्या खुनांच्या कथा लिहिते हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. ‘तेव्हा बोटांचे ठसे नव्हते, कॅमेरे नव्हते, पोस्टमॉर्टेम नव्हतं. मग तुमच्या गोष्टीत तपास लागतो कसा? सगळं मनचंच ना?’ दर वेळी दोन वाक्यांत काहीतरी सांगून मी वेळ मारून नेते. आज तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आधी पोस्टमॉर्टेमचं बघू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, चौथ्या अधिकरणात, म्हणजे चौथ्या भागात, ‘आशुमृतकपरीक्षा’ असं एक प्रकरण आहे. आशुमृतक म्हणजे अकस्मात मेलेला माणूस. रा. प. कंगल्यांनी सिद्ध केलेली आणि मुंबई विद्यापीठानं १९६० साली छापलेली संहिता हाताशी असली तर हे प्रकरण जरूर काढून वाचा. प्रेताला तेल लावून मग ते तपासायचं, इथूनच सुरुवात होते. हातपाय सुजलेले, पोट फुगलेलं, डोळे उघडे आणि गळ्यावर वळ असेल तर गळा दाबून मारलेलं आहे. जीभ चावली गेली असेल आणि पोट फुगलं असेल तर पाण्यात बुडून मेला. विषाचा संशय आला तर त्याच्या पानातलं उरलेलं अन्न पक्ष्यांना घालून बघायचं. काळजाचा तुकडा विस्तवात टाकला आणि तो चिटचिटला, तरी विष समजायचं. हे शेवटचं आज कुणी मानणार नाही, पण बाकीचं वाचताना मला दर वेळी वाटतं की हे लिहिणाऱ्यानं पुष्कळ प्रेतं जवळून पाहिली असणार.

त्याच्या पुढचा भाग तर माझ्या लेखी सोन्यासारखा आहे. मेलेल्याला कुणी बोलावलं होतं, तो कुणाबरोबर होता, त्या जागी त्याला कुणी आणलं, हे विचारायचं. आसपास वावरणाऱ्यांना एकेकटं गाठून विचारायचं, की हत्यार लपवताना किंवा घाबरलेलं कुणी दिसलं का. बेवारस प्रेत असेल तर अंगावरचे कपडे आणि दागिने बघून त्या मालाच्या व्यापाऱ्यांकडे चौकशी करायची. आणि माणसाचा घात का होतो, याची यादीसुद्धा दिली आहे: बाई, वारसा, धंद्यातली चढाओढ, वैर, बाजार, संघ, कज्जा. आजचं कुठलंही वर्तमानपत्र उघडा, यादीबाहेरचं फारसं काही सापडायचं नाही.

तेव्हा खून कसा झाला आणि कुणी केला हे कळण्याची अडचण त्या काळात तुम्हाला वाटते तेवढी नव्हती. अडचण होती ती कळलेलं कुणाच्या तोंडून बाहेर पडतंय याची.

शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ आपल्याकडे देवलांच्या संगीत नाटकामुळे घरोघरी पोचलं. बहुतेकांना त्यातली मातीची गाडी आठवते, चारुदत्त-वसंतसेनेचं प्रेम आठवतं. मी मात्र नवव्या अंकासाठी ते पुन्हा पुन्हा वाचते. तो अख्खा अंक म्हणजे खुनाचा खटला आहे. राजाचा मेहुणा शकार बागेत वसंतसेनेचा गळा दाबतो, ती मेली असं समजून पाचोळ्याखाली झाकतो आणि न्यायालयात येऊन आळ चारुदत्तावर घालतो. फिर्याद सांगतानाच त्याची जीभ घसरते. पैशासाठी कुणीतरी तिचा गळा आवळून जीव घेतला, असं सांगून तो पुढे म्हणतो, ‘मी नाही.’ लेखनिक ते टिपून घेतो. शकार गडबडतो, ‘मी पाहिलं नाही असं म्हणायचं होतं’ अशी सारवासारव करतो आणि लिहिलेलं पायानं पुसून टाकतो. पैशासाठी मारलं हे तुला कसं कळलं, असं न्यायाधीश विचारतो. तिचा गळा मोकळा होता, दागिन्यांच्या जागा रिकाम्या होत्या, म्हणून, असं उत्तर येतं. बागेत जाऊन आलेला नगररक्षक वीरक सांगतो की जनावरांनी फाडलेलं बाईचं प्रेत तिथे होतं (ते असतं भलत्याच बाईचं). बाईचं कशावरून? उरलेल्या केसांवरून, हातापायांवरून. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. प्रश्न किती नेमके आहेत बघा!

आणि तरीही शिक्षा चारुदत्तालाच होते. न्यायाधीश बावळट नाही. पण त्यानं आज तुझी फिर्याद घेत नाही म्हटल्यावर शकारानं त्याला काढून टाकायला लावण्याची धमकी दिलेली असते. सगळं ठाऊक असलेला एक माणूस आहे, शकाराचा दास स्थावरक. त्याला बेड्या घालून माडीवर कोंडलेलं असतं. चारुदत्ताला वधस्थानाकडे नेताना तो खिडकीतून खाली उडी टाकतो आणि खरं काय ते ओरडून सांगतो. शकार शांतपणे म्हणतो, यानं माझं सोनं चोरलं, मी मारलं, म्हणून हा सूड उगवतोय. पाठीवरचे वळ बघा. तेवढ्यावर लोकांचा विश्वास उडतो. स्थावरक म्हणतो, दासपण हे असं असतं, खरं बोललं तरी कुणाला पटत नाही.

रोममध्येही हेच. इसवी सनापूर्वी ८० साली सिसेरो या वकिलानं, सव्वीस वर्षांचा असताना, खटल्यात सेक्स्टस रोशियसचा बचाव केला. रोशियसवर स्वतःच्या बापाच्या खुनाचा आरोप होता आणि त्याची शिक्षा चामड्याच्या पोत्यात शिवून पाण्यात फेकण्याची. बाप रोममध्ये रात्री जेवून परतताना मारला गेला. मुलगा तेव्हा दूर अमेरिया या आपल्या गावी शेतावर होता. सिसेरोनं बोट ठेवलं ते अंतरावर. खुनाची बातमी घेऊन निघालेला माणूस रात्रीच्या दहा तासांत हलक्या गाड्या पळवत छप्पन्न रोमन मैल, म्हणजे सुमारे ८३ किलोमीटर, गाठून पहाटे अमेरियात पोचला. आणि बातमी त्यानं मुलाच्या घरी दिली नाही, मृताच्या वैऱ्याच्या घरी दिली. एवढी घाई कुणासाठी? पुढे साठ लाख सेस्टर्सची (सेस्टर्स हे रोमन नाणं) बापाची तेरा शेतं, हुकूमशहा सुल्लाच्या मर्जीतल्या क्रिसोगोनसनं दोन हजारांत घेतली. बापाबरोबर त्या रात्री असलेले दोन गुलाम मुलानं चौकशीसाठी मागितले, तर ते दिले गेले नाहीत. दिले असते तरी तिथल्या कायद्यानं गुलामाची साक्ष यातना देऊनच घ्यायची. रोशियस सुटला.

मला यातून लिहायची वाट सापडली. ज्यांनी पाहिलं त्यांना बोलता येत नाही, म्हणून गाडी बोलते, अंतर बोलतं, रिकामा गळा बोलतो. त्या काळच्या गोष्टीत वस्तूंना इतकं वजन येतं ते यामुळे.

सध्या एका कथेवर काम चाललंय. ती गोवर्धनला, म्हणजे आजच्या नाशिकजवळ घडते. पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा, कोरीव लेख आहे. त्यानं तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, तिथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले. दोन हजार महिना एक टक्का व्याजानं, एक हजार पाऊण टक्क्यानं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यातल्या वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण, चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. हिशेब चोख बसतो, करून बघा. मुद्दल मात्र कधीच परत द्यायचं नाही, व्याज तेवढं भोगायचं, असंही कोरलंय. त्या ओळीशी मी खूप दिवस थांबले. जे मुद्दल कुणीच परत मागायला येणार नाही, ते जागेवर आहे की नाही हे बघणार कोण?

माझ्या कथेत श्रेणीचा हिशेब ठेवणारा माणूस विहिरीत सापडतो. हे घडताना एका दासीनं पाहिलंय. पहिल्या खर्ड्यात तिनं सभेत उभं राहून सगळं सांगितलं आणि सभेनं मानलं. लिहिताना छान वाटलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा स्थावरक आठवला आणि ती पानं मी बाजूला काढली. तिचं म्हणणं असं सहज मानलं गेलं असतं, तर स्थावरकाला ते वाक्य बोलावंच लागलं नसतं.

आता प्रसंग असा आहे. रात्र आहे, प्रेत ओट्यावर ठेवलंय, तपासायला आलेला माणूस तेल लावतोय. जीभ चावलेली नाही, म्हणजे बुडालेला नाही. गळ्याकडे त्याचं अजून लक्ष गेलेलं नाही. तिथे दोरीचा वळ आहे, आणि त्या दोरीचा पीळ उलटा आहे, डावखुऱ्या हाताचा. गावात तसा पीळ घालणारा एकच विणकर. दिवा धरून उभी आहे ती हीच दासी. ती काही बोलत नाही. दिवा तेवढा जरा गळ्याजवळ आणते.